आमच्या देवघरातील उल्का

आमच्या देवघरात शाळिग्रामाच्या उजव्या अंगास एक काळा धोंडा आहे. आकाराने सोललेल्या नारळाएवढा, पण उचलू जावे तर हात खाली ओढणारा. पणजोबांच्या काळापासून त्याची पूजा चालू आहे. पणजोबा आश्विनातील एका रात्री शेतावर राखणीस निजले असता जळते कोलीत फेकावे तसा एक लोळ आकाशातून खाली आला, बांधापलीकडे धप्पकन आवाज झाला आणि दुसऱ्या दिवशी खणून पाहता हा धोंडा हाती लागला, अशी कथा आहे. ह्याहून मोठा एक तुकडा खालीच राहिला, तो पहारेला लागत होता पण निघेना, असे त्या कथेचे शेपूटही आहे. माझी काकू, जिने मला लहानाचे मोठे केले आणि जी आज शहाऐंशी वर्षांची आहे, ती ह्या धोंड्यास नुसते ‘आभाळातले’ म्हणते. "आभाळातल्यांना फूल वाहिलेस का?" हा तिचा रोजचा प्रश्न.

मी चौतीस वर्षे संस्कृत शिकविले. वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत उल्कांसाठी एक स्वतंत्र अध्याय दिला असून त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अशनि हा मोठा नाद करीत माणसांवर, हत्तीघोड्यांवर, घरांवर आणि झाडांवर कोसळतो व भूमी विदारीत जातो. पाठ्यपुस्तकात हा भाग नव्हता. परंतु पावसाळी दिवशी वर्ग कंटाळला म्हणजे मी तो सांगत असे, आणि त्याच्या पाठोपाठ आमच्या धोंड्याचा दाखला देत असे. बादशहा जहांगीर ह्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलेली हकीकतही त्यासोबत येई. इ. स. १६२१ च्या एप्रिलात जालंदर परगण्यात आकाशातून लोखंड पडले. तेथील अंमलदाराने जळालेली भूमी खणविली, तो जसजसे खोल जावे तसतशी ती अधिकच तप्त लागू लागली. अखेर लोखंडाचा गोळा निघाला, तो वजनात १६० तोळे भरला. नुसते ते लोखंड घणाखाली फुटू लागले, म्हणून त्यात साधे लोखंड मिसळून बादशहाने तलवारी, कट्यार आणि सुरी करविली. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मुले डोळे विस्फारून ऐकत. "गुरुजी, तुमच्या दगडाची तलवार होईल का?" असे एकाने विचारले होते. होईल, असे मी त्यास सांगितले होते.

गेल्या वर्षी आषाढात मी चिरंजीवांकडे अमेरिकेत होतो. कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे नगर आहे, तेथे विमाने बांधण्याचे कारखाने आहेत. त्यांपैकी एकात ते नोकरीस आहेत. नातू बारा वर्षांचा. त्याने वाढदिवसाच्या पैशांतून एक मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, विकत घेतले होते. आणि ज्या दिवशी मी त्याला देवघरातील धोंड्याची कथा सांगितली त्या दिवसापासून त्या मुलास दुसरे काही सुचेना. कारण असे की, विचिटापासून पश्चिमेस शंभरएक मैलांवर हॅविलंड नावाचे खेडे आहे आणि त्याच्या आसमंतातील शेते उल्कांसाठी जगप्रसिद्ध आहेत. तेथील अशनींना शास्त्रात ब्रेनहॅम हे नाव आहे.

ह्या शेतांची कथा मला यंत्राहूनही अधिक आवडली. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तेथे नवे शेतकरी वसतीस आले, तेव्हा त्या सपाट माळावर गोटा म्हणून औषधालाही मिळत नव्हता. तरी मधूनच काळे, गंजलेले, विलक्षण जड धोंडे मात्र सापडत. नांगराचा फाळ त्यांवर आपटे. लोकांनी ते धोंडे गवताच्या गंजीवरील आच्छादन उडू नये म्हणून, तळघराच्या दारावर वजन म्हणून, पाण्याच्या पिंपावर झाकण दाबण्यास म्हणून वापरले. एलायझा किंबर्ली नावाची एक शेतकरीण मात्र ते वेचून घराशी रचू लागली. लहानपणी तिला कोणी उल्का दाखविली होती, ती तिच्या ध्यानात होती. नवरा चिडे, शेजारी हसत. विद्वानांस ती पत्रे लिही, पण पाच वर्षे कोणी फिरकले नाही. शेवटी १८९० साली वॉशबर्न कॉलेजचे प्राध्यापक क्रॅगिन आले, त्यांनी ढीग पाहिला, आणि धोंडे मोल देऊन नेले. त्या पैशांनी किंबर्ली कुटुंबाच्या शेतीचे भाग्य उघडले. जनकाच्या नांगराला सीता लागली ती एकदाच. ह्या बाईच्या शेतात ती वारंवार लागत होती, पण तिला ओळखणारी नजर एकटीचीच होती.

ह्याही आधी ते धोंडे कोणी ओळखले नव्हते असे नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी कित्येक शतकांपूर्वी शेकडो मैल दूर ओहायोच्या बाजूस बांधलेल्या मृत्तिकास्तूपांत ह्याच लोखंडाचे अलंकार मिळाले आहेत. किंबर्लींच्या शेतात एक उथळ खळगा होता, त्यास लोक रानगव्यांची लोळण समजत. १९३३ साली हार्वे निनिंजर नावाच्या उल्काभ्यासकाने तो खणला तेव्हा तो अशनिपाताचा खड्डा निघाला. आत गंजलेल्या तुकड्यांची रास होती. त्यानंतर विद्युद्यंत्रे आली. १९४९ मध्ये स्टॉकवेल नामक गृहस्थाने धातुशोधक यंत्राच्या साह्याने तेथून हजार पौंडांचा एक धोंडा वर काढला. २००५ साली स्टीव्ह अर्नोल्ड ह्याने सुमारे सात फूट खोलीवरून सुमारे ६५० किलो वजनाचा काढला.

यंत्राची घडण नातवाने मला समजावून दिली. एक लांब दांडी, तिच्या खालच्या टोकास जेवणाच्या ताटाएवढे तारेचे वेटोळे, वर मुठीपाशी लहानसा पडदा. वेटोळ्यातून क्षणोक्षणी दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह खेळतो, त्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. ते क्षेत्र जमिनीत शिरते आणि तेथे धातू असल्यास त्या धातूत पाण्यातील भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. ह्या प्रवाहांचेही स्वतःचे एक क्षीण क्षेत्र असते. ते परत वर येते, दुसरे वेटोळे ते टिपते, आणि यंत्र बोलते. नाणी व दागिने शोधणारे लोक यंत्रास अशी ताकीद देऊन ठेवतात की, लोखंड लागल्यास गप्प राहावे. उल्का शोधणाराने ही ताकीद आधी काढून घ्यावी लागते, कारण त्याला हवे असते ते लोखंडच, निकेलमिश्रित लोखंड. परंतु ताकीद काढली म्हणजे यंत्राला खिळा आणि अशनि सारखेच. लहान वेटोळ्यास वीत-दोन वीत खालचे कळते. खोलवरचा मोठा धोंडा शोधणे झाल्यास वेटोळे मोठे लागते, म्हणून धंदेवाईक लोक बाजेएवढ्या चौकटीवर ते बसवून गाडीमागे ओढीत नेतात.

तिकडे खाजगी जमिनीत सापडलेला अशनि जमिनीच्या मालकाचा ठरतो. तेव्हा चिरंजीवांनी एका शेतकऱ्याची आगाऊ अनुज्ञा मिळविली होती. गव्हाची कापणी नुकतीच आटोपलेली, नजर पोहोचेल तेथवर पिवळे धांडे उभे, सावलीला झाड नाही. शेतकरी म्हातारा होता, बहुधा माझ्याच वयाचा. त्याने सांगितले, सापडेल ते मला दाखवा, आणि प्रत्येक खळगा बुजवा. मग तो आपल्या गाडीच्या सावलीत बसून राहिला. नातू पुढे यंत्र फिरवीत, मी मागे खोरे घेऊन, अशी आमची वरात सकाळी सातास निघाली.

पहिल्याच घटकेत यंत्र ओरडले. मी खणले, काटेरी तारेचा हातभर तुकडा निघाला. पुन्हा ओरडले; खिळा. मग घोड्याचा नाल, मग यंत्राचा एक दात, मग कसल्याशा पेयाच्या डब्याचे पत्र्याचे कान, तेही तीनदा. प्रत्येक वेळी नातू श्वास रोखून उभा राही आणि मीही, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. दर खेपेस आतून असे वाटे की हाच तो. मनुष्यास एकदा दहाव्या हाकेला फसला म्हणून अकरावीला शहाणपण येते असे शास्त्र कोणी लिहिले असल्यास ते खणल्यावाचून लिहिले असावे.

अकराच्या सुमारास फार मोठा, गंभीर, लांबलेला आवाज आला. नातवाने चारी बाजूंनी यंत्र फिरवून पाहिले. जागा चांगली हातभर रुंद होती. "आजोबा, हा मोठा आहे," एवढेच तो कुजबुजला. आम्ही दोघांनी पाळीपाळीने खणले. दोन वीत गेल्यावर खोरे खण्णकन वाजले. मुलाने हातांनी माती उकरली, तो गंजाने फुगलेला नांगराचा एक जुनाट फाळ.

शेतकरी उठून आला. त्याने फाळ हातात घेतला, उलटापालटा केला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हा घोड्यांच्या नांगराचा आहे, माझ्या आजाच्या वेळचा असणार. बाकीची सारी जोडणी त्याच्या कोठारात अजून होती, हाच तेवढा नव्हता. त्याने तो आपल्या गाडीत पुढच्या बैठकीवर ठेवला. नातू हिरमुसला होता. म्हाताऱ्याने खिशातून सुपारीएवढा एक गंजका खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. तो खरा ब्रेनहॅमचा होता.

दुपारी तेथून दहा मैलांवर ग्रीन्सबर्ग गावी गेलो. त्या गावी १८८८ साली पुरी झालेली, हातांनी खणलेली १०९ फूट खोल विहीर आहे. आपल्याकडील बारवा पाहिलेल्यास तिचे फारसे अप्रूप वाटू नये, पण मला वाटले. तिच्याच संग्रहालयात स्टॉकवेलचा तो हजार पौंडांचा धोंडा ठेवला आहे. २००७ च्या मे महिन्यात वावटळीने ह्या गावाचा बहुतेक भाग धुळीस मिळविला, तेव्हा हा धोंडाही ढिगाऱ्याखाली गेला होता, मागाहून सापडला. ह्या जातीच्या अशनींना पॅलेसाइट म्हणतात. कापून घासलेली चकती पाहावी तर रुपेरी धातूच्या कोंदणात हिरवट पिवळे स्फटिक बसविलेले. उजेडासमोर पातळ काप धरला तर रंगीत काचेच्या तावदानासारखा दिसतो. मानवी सोनाराने असे काम केले असते तर आपण त्याची पिढीजात वर्णने केली असती.

"आजोबा, आपल्या घरचा असाच आहे ना?" नातवाने विचारले.

"असाच," मी म्हणालो.

त्याच्या हातात एक लहान पुस्तिका होती, खऱ्या उल्का आणि खोट्या उल्का कशा ओळखाव्या ह्याची. मी सहज चाळली. अशनीवर बोटांनी दाबल्यासारखे खळगे असतात, परंतु बुडबुड्यांची छिद्रे सहसा नसतात. जड, काळा, छिद्रे असलेला दगड हाती आल्यास तो बहुधा लोखंडाच्या भट्टीतील मळ समजावा, असे तीत लिहिले होते. मी पुस्तिका मिटली. काकूच्या आभाळातल्यांच्या पाठीवर, आसनाकडील बाजूस, मसुराएवढी सात-आठ छिद्रे आहेत. मी लहानपणी त्यांत अक्षता बसवीत असे.

परतताना चिरंजीवांनी अॅरिझोनातील बॅरिंजरची हकीकत सांगितली. ती माझ्या मनःस्थितीस नको ती नेमकी लागू पडली. तेथे पाऊण मैल रुंदीचा एक मोठा खड्डा आहे. तो उल्कापातानेच झाला असे बॅरिंजर म्हणे, आणि ते खरे ठरले. परंतु लक्षावधी टनांचा लोहगोल खाली पुरलेला आहे, असेही तो म्हणे. १९०३ पासून सव्वीस वर्षे त्याने तेथे छिद्रे पाडली, आपले व मित्रांचे द्रव्य ओतले. १९२९ साली मोल्टन ह्या गणितज्ञाने हिशेब करून दाखविले की, आघाताच्या वेळीच त्या गोळ्याची बहुतेक वाफ झाली असली पाहिजे. खाली शोधण्यासारखे काही उरलेले नाही. तो हिशेब हाती आल्यावर थोड्याच दिवसांत बॅरिंजर हृदयविकाराने गेला. आपल्या लोणारचेही असेच आहे. एवढे मैलभराहून रुंद विवर, पण ज्याने ते खणले त्याचा ओंजळभर तुकडाही कोणास मिळालेला नाही. चिरंजीव हे सारे शास्त्रीय कुतूहलाने सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे शहाऐंशी वर्षांची काकू होती.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी धोंड्यास नेहमीप्रमाणे स्नान घातले आणि त्याच्या पाठीकडे पाहिले नाही. चौथ्या दिवशी, काकू दुपारी निजली असता, तराजू आणि मापाचे भांडे आणले. वजन सव्वादोन किलो. पाण्यात बुडविता साडेसहाशे मिलिलिटरांच्या आतबाहेर पाणी सरले. म्हणजे पाण्याच्या साडेतीन पट. लोखंडाचा अशनि सात-आठ पट भरतो, पॅलेसाइट पाच पटीच्या आसपास. पण पाषाणी अशनि साधारण साडेतीन पटच असतात, तेव्हा ह्यावरून काही ठरेना, आणि मला त्याचे बरेच वाटले. लोहचुंबक किंचित चिकटला. आमच्याकडे तोही पुरावा फुकट. आमचा काळा पाषाण जागोजाग चुंबकाला ओढ देतो.

माझा एक जुना विद्यार्थी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवितो. त्याच्याकडे धोंडा पिशवीत घालून गेलो. निकेल असल्यास गुलाबी तांबडा रंग देणारे एक द्रव्य त्यांच्या प्रयोगशाळेत असते. त्याने कोपरा घासला, आम्लाचा थेंब टाकला, कापूस फिरविला. कापूस पांढराच राहिला. घासलेल्या जागी तर आतली छिद्रे सरळ दिसत होती. तो माझा वर्गातला श्रोता होता; त्याला ती पावसाळी दिवसांची गोष्ट आठवत असणार. तो म्हणाला, "सर, मंडूर आहे."

मंडूर म्हणजे लोहकिट्ट, लोखंड गाळताना मागे राहणारा मळ. हा शब्द त्याला मीच शिकविला असावा. आयुर्वेदात त्याचे भस्म करतात, आणि शंभर वर्षांचे जुने किट्ट उत्तम मानतात. महाबळेश्वराच्या बाजूच्या डोंगरांत धावड लोक पूर्वी लोखंड गाळीत. आमचे शेत तेथून फार दूर नाही. पणजोबांनी रात्री लोळ पाहिला असेल, आणि सकाळी पहारेस जे लागले ते हातात घेतले असेल. त्यात त्यांनी खोटे काही सांगितले नाही.

खोटे सांगितले ते मी. नातू दर रविवारी दूरध्वनीवर तोंड दाखवून विचारी, "आजोबा, टेस्ट केली?" मी सांगे, काकू हात लावू देत नाही. दोन महिने सांगितले. ज्याने आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ‘खरे लिहा’ असा शेरा मारला त्याने ह्या वयात, एका मुलाला, आणि तेही काकूच्या नावावर! भीती बॅरिंजरची होती, असे मी स्वतःस समजावीत असे. खरे पाहता त्या चौतीस वर्षांच्या वर्गांचीही होती.

एके रविवारी काकू शेजारीच बसली होती. नातवाने विचारले, मी उत्तर दिले, ते तिने ऐकले. पडदा मालवल्यावर ती म्हणाली, "मी कधी रे हात लावू दिला नाही? रोज तूच तर आंघोळ घालतोस."

मग सर्व सांगितले. मंडूर, कापूस, छिद्रे, सर्व. ती काही बोलली नाही. त्या दिवशी जेवली कमी. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलली नाही. फूल मात्र स्वतः उठून वाहिले, जे तिने गुडघे धरल्यापासून सोडले होते. तिसऱ्या दिवशी वाती वळता वळता म्हणाली,

"देवातून काढायचा नाही."

"नाही काढत."

"सासूबाईंनी माझ्या स्वाधीन केलाय तो." थोड्या वेळाने, "आणि तो मोठा, शेतातला? मामंजी सांगायचे, पहार लागत होती."

"तोही मंडूरच असणार, काकू. भट्टीची जागा असेल तिथे."

"बघितलास का खणून?"

"नाही."

"मग?"

ह्यावर मजपाशी उत्तर नव्हते. त्याच रात्री नातवास फोन करून कापसाचा रंग सांगितला, आणि दोन महिने काय सांगत होतो तेही. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने विचारले की, मोठा तुकडा किती खोल आहे. दिवाळीस ते येत आहेत. मी त्याला लिहून ठेवावयास सांगितले आहे की, आमच्या काळ्या मातीत आणि काळ्या दगडात लोहचुंबकाचे कण फार, यंत्र पावलोपावली ओरडेल, तेव्हा आधी ते इथल्या जमिनीला जुळवून घ्यावे लागेल. बांधापलीकडची जागा काकूला ठाऊक आहे; ती गाडीतून येणार म्हणते. खोरे आणि पहार घरचीच आहे.